फाटकावरच्या वसुधाकाकू

वसुधाकाकू घरातसुद्धा अंगावर धातूचं काही घालत नसत. हातात दोन काचेच्या बांगड्या, बस. साडीला पिनही नाही. विचारलं तर म्हणायच्या, "माझंच मशीन माझ्यावर वाजलं तर शोभेल का?" सदाशिव पेठेत त्यांच्या आतल्या खोलीत मी दोन वर्षं भाड्याने राहिले. रविवारी काकू कुठल्या तरी स्पर्धा परीक्षेच्या केंद्राच्या फाटकावर मुलींची तपासणी करायला जात. हातात मेटल डिटेक्टरचा काळा दांडा आणि डोक्यावर ऊन.

ते मशीन कशावरही वाजायचं. केसातल्या पिना, ड्रेसचा हूक, पैंजण. मुली रडकुंडीला यायच्या आणि काकू शांतपणे म्हणायच्या, "हात वर करा. घाबरू नका, लग्न लावत नाहीये तुमचं."

याच काकू परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आम्हा भाडेकरू मुलींच्या दंडाला काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत बांधत. पाच गाठी मारून. "माझा विश्वास नाही. पण बांधलेला बरा," असं वर ऐकवत. सकाळी निघताना स्वतःच कात्रीने दोरा कापून ताईत देवापुढे ठेवत. केंद्रावर चालत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

माझ्या शेवटच्या परीक्षेला नेमकी त्यांची ड्युटी माझ्याच केंद्रावर लागली. वयोमर्यादेमुळे मला पुन्हा बसता येणार नव्हतं. काकू पहाटेच निघून गेल्या. ताईत माझ्या दंडावरच राहिला. त्या विसरल्या आणि घाबरलेली मीही विसरले.

बस रखडली. मी पोचले तेव्हा फाटक बंद व्हायला वीस मिनिटं होती आणि पुढे भलीमोठी रांग. माझा नंबर आला तेव्हा दोन मिनिटं उरली होती. दांडा डाव्या दंडापाशी आला आणि मशीन किंचाळलं.

"काकू, तुमचाच ताईत आहे नं," मी पुटपुटले.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण हात आडवाच. "काढा. बाजूला उभ्या राहा. पुढच्या या."

दोरा आंघोळीत भिजून आवळला होता. गाठ सुटेना, नख तुटलं. माझ्या मागच्या तिघी-चौघी एकेक करून आत जात होत्या. मी गयावया केली, "तोडून टाका नं, काकू." शेवटची मुलगी आत गेल्यावर त्यांनी दांडा खाली ठेवला, माझा दंड धरला आणि दोरा दातांनी तोडला. तेवढ्यात सुपरवायझरने फाटक ओढून घेतलं.

"ताईत मी बांधला होता. ही माझ्याकडे राहते. चूक माझी आहे, हिला आत घ्या," काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या. त्याने घड्याळ दाखवलं. उमेदवार ओळखीची असल्याचं ड्युटी घेताना लपवलं म्हणून त्यांचं काम त्याच दिवशी गेलं. मला त्याचं काहीही वाटलं नाही. माझा जीव नुसता जळत होता.

महिनाअखेर हिंजवडीत नोकरी मिळाली आणि मी सामान बांधलं. काकू दारात उभ्या होत्या. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. तेव्हा विचारलं, "तांब्याचा एवढासा तुकडा. त्यात काय लपवणार होते मी? सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"रांगेत तुमच्या आधीच्या मुलीची चमकी काढायला लावली होती मी. निघत नव्हती. नाकातून रक्त आलं तिच्या," काकू म्हणाल्या. "तिने विचारलं असतं, हिला कसं सोडलंत, तर काय सांगणार होते? आमच्या घरची आहे म्हणून?"

मी रिक्षात बसले. त्या चूक होत्या असं मला आजही म्हणता येत नाही, आणि राग काही जात नाही. दोन वर्षांत त्या मला पहिल्यांदाच आमच्या घरची म्हणाल्या होत्या, आणि तेही मला बाहेर ठेवल्याचं कारण सांगताना.