रुक्मिणीचं गाऱ्हाणं

आचऱ्याजवळच्या एका वाडीत रुक्मिणी शाळेची शिपाईण होती. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे आणि विहिरीवरून पोरांसाठी पाणी ओढायचं. या पाण्यावरूनच पुढचं सगळं रामायण घडलं. शाळेच्या आवारात नळ होता. संस्थेचे अध्यक्ष भाई यांनी नारळ फोडून त्याचं उद्घाटन केल्याला दोन वर्षं झाली होती आणि त्यातून अजून एक थेंब गळला नव्हता.

देवाने रुक्मिणीला नकलांची कला दिली आणि भीती द्यायला तो विसरला. १९८४च्या संक्रांतीला हळदीकुंकवात तिने भाईंचं उद्घाटन करून दाखवलं. भाई नळ सोडतात, वाट बघतात, घसा खाकरतात आणि शेवटी कोरडेच हात रुमालाला पुसतात. बायका हसून हसून लोळल्या. त्यांच्यातल्याच एकीने घरी जाऊन ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी भाईंच्या कानावर गेलं.

दरवर्षी स्नेहसंमेलनात पोरांचे कपडे बदलून होईपर्यंत लोकांना हसवायचं काम रुक्मिणीचंच असे. यंदा मुख्याध्यापक सदानंद गुरुजींनी तिला बोलावून बजावलं, की भाई पहिल्या रांगेत बसणार आहेत, त्यांची नक्कल केलीस तर नोकरी जाईल. घरात तिच्याशिवाय मिळवतं कोणी नव्हतं. गुरुजी वाईट नव्हते, घाबरट होते, आणि घाबरट भल्या माणसाइतका वैताग जगात दुसरा नाही. तुमच्या नोकरीची काळजी करता करता ते तुमची जीभच मागून घेतात.

संमेलनाच्या दिवशी ऊन कलल्यावर रुक्मिणी स्टेजवर आली. नक्कल केलीच नाही. तिने पदर खोचला, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं सुरू केलं. सगळ्या गावाच्या वतीने देवाला घातलेलं हे मागणं देवळात पुरुषांनीच घालायचं. बाईने, तेही स्टेजवर घालणं म्हणजे आक्रीतच. मंडपात कुजबुज उठली.

"बा देवा म्हाराजा, ही जी काय लेकरां आज तुझ्यासमोर हत, तेंका इद्या दी रे म्हाराजा."

गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्या माणसाचे हात आपोआप जुळतात. "होय म्हाराजा," सगळा मंडप म्हणाला. देवळात पहिला आवाज भाईंचा असतो, तसा तो इथेही होता. डोळेही त्यांनी सवयीने मिटले होते.

"शाळेच्या नळाक पाणी दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि पाणी नसताना ज्येनी नारळ फोडल्यानी, तेंका थोडी लाज दी रे म्हाराजा."

या वेळी सगळ्यांनी ओठ दाबून धरले. "होय म्हाराजा," एकटे भाई खणखणीत म्हणाले. मग जो हशा उसळला, तो भाई उठून चालते झाले तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माफीनाम्याचा कागद पुढे केला. रुक्मिणीने त्याला हात लावला नाही. "माफी कसली, गुरुजी? मी देवाकडे मागलंय. होय कोण म्हणालो, ता सगळ्या गावान ऐकला."

जूनमध्ये नोकरी गेली. ती दोन दिवस चांगली रडली, हे लपवण्यात काही अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी गाऱ्हाण्याची गोष्ट ऐकून जामसंड्याच्या मंडळाचे गणपत नावाचे गृहस्थ आले. गणेशोत्सवात तिने एकटीने तासभर कार्यक्रम करावा, मानधन देऊ, असं म्हणाले. फक्त भाईंचं तेवढं वगळा, उगाच वाद नको, हेही त्यांनी हळूच जोडलं.

रुक्मिणीने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"सुरवात भाईंपासूनच करतलंय," ती म्हणाली. "माझ्याकडसून काढून घेवक आता तेंका कायएक उरूक नाय."