बर्फ काहून तडकला?

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी लोहाऱ्यात, शेजारच्या काकांच्या देहाखाली बर्फाच्या लाद्या लावत होतो. त्यांचा मुलगा हैदराबादहून निघाला होता, त्याच्यासाठी थांबायचं होतं.

आपल्या या खगोलप्रेमींच्या ग्रुपवर तुम्ही माझी, गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्रावरच्या भेगांची चित्रं पाहता. दहावीनंतर शाळा सुटली. बर्फाच्या कारखान्यात काम करता करता मोबाइलवर वाचत असतो. काका चिडवायचे, "चंद्रावर फॅक्टरी टाकतो का बे?"

गुरूच्या ओढीने त्या चंद्राचं बर्फाचं कवच तडकतं. आपली लादी अचानक ऊब लागली की तडकते. म्हणून साच्यातून काढल्यावर ती थोडा वेळ बाहेर ठेवायची असते. हे मला माहीत होतं. आज घाईत मी ठेवली नाही.

मोठा आवाज झाला आणि काकांचा हात किंचित हलला.

उशाशी बसलेल्या काकूंनी माझं मनगट धरलं. "हालले ना रे हे? तू पाह्यलं ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"काकू, बर्फ तडकला."

त्यांनी वाकून लादीवरच्या भेगेला बोट लावलं. मग म्हणाल्या, "काहून तडकला?"

आमच्या गल्लीत हा प्रश्न मला आजवर कोणीच विचारला नव्हता. उत्तर येत होतं, पण मी तडकलेली लादी काढून दुसरी लावायला घेतली.

तुम्ही काय सांगितलं असतं?