जिवंत माणसाची मयत

गल्लीत कुणीही गेलेलं नव्हतं. तरी मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "गल्लीत मयत झालीय, कार्यक्रम थांबवा." समोरच्या शंभर-सव्वाशे पोरापोरींनी ते खरं मानलं. याला मी बरेच दिवस 'चूक' म्हणत होतो. चूक माणसाच्या हातून नकळत होते. मी विचार करून, शब्द जुळवून खोटं बोललो होतो.

बसवकल्याणात आमच्या समाजाचं मंगल कार्यालय आहे. अकरा वर्षं मी त्याचा सेक्रेटरी आहे. किल्ल्या माझ्याकडे, तारखांची वही माझ्याकडे, जनरेटर कधी चालू करायचा तेही मीच ठरवतो. माझी भाची, म्हणजे गावातल्याच बहिणीची मुलगी, कलबुर्गीला इंजिनियरिंगला आहे. ती एका शुक्रवारी आमच्या घरी आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मामा, रविवारी कार्यालय रिकामं हाय का?"

"हाय की. कशाला?"

"गाण्याचा कार्यक्रम. चार बँड हायत. एक बिदरचा, एक कलबुर्गीचा, एक उमरग्याकडचा. चौथा आमचा."

"म्हणजे ऑर्केस्ट्रा?"

"न्हाई मामा. मेटल. आवाज लई मोठा असतो. आन् आमी वरडून गातो. आधीच सांगायलेय."

"लग्नात काय कमी आवाज असतो?" मी हसून म्हणालो आणि तारीख लिहून घेतली. नंतर काही लोकांनी तिनं मला फसवलं असं म्हटलं, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे. तिनं काहीही लपवलं नव्हतं. या पोरांना कुठेच जागा मिळत नव्हती. एका कॉलेजनं नाही म्हटलं. एका हॉटेलनं हो म्हटलं आणि मग सिनेमातली गाणी म्हणा, असा आग्रह धरला. तिच्या बँडमधला गिटारवाला मंगळवारी नोकरीसाठी बेंगळुरूला निघणार होता. दोन वर्षं एका गोदामात दार लावून सराव केला होता, आणि एकदा तरी माणसांसमोर वाजवावं, एवढंच त्यांना हवं होतं. रविवार गेला की तो बँड राहणार नव्हता. हे तिनं मला सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं.

रविवारी पाचला सुरुवात झाली. नवरा-नवरीच्या खुर्च्या हलवून तिथे ड्रम मांडले होते. मागचा मोरांचा पडदा आदल्या लग्नातला, तसाच होता. त्याच्यापुढे काळे शर्ट घातलेली पोरं उभी राहिली आणि पहिल्याच ठोक्याला माझ्या बरगड्या हादरल्या. शब्द एकही कळेना. माझा चेहरा बघून शेजारचा एक पोरगा माझ्या कानात ओरडला, "चचा, ये पानी का गाना है. हमारे गाँव की टंकी पे. चार साल से खाली है!"

मग मी नीट बघू लागलो. पोरं एकमेकांना ढकलत, उड्या मारत होती. पण एक जण पडला की तीन हात खाली जायचे आणि त्याला उचलायचे. एका मुलीचा चष्मा पडला, तर पाच-सहा जणांनी तिच्याभोवती कडं करून तो शोधून दिला. कुणी प्यालेलं नव्हतं. गाणं संपलं की गाणारा पोरगा साध्या आवाजात म्हणायचा, "पाणी मागं ठिवलंय, पिऊन घ्या." आमच्या कार्यालयातल्या किती वराती मी बघितल्या आहेत! पडलेल्याला कुणी असं उचलताना मी पाहिलं नव्हतं.

तिसरा बँड वाजवत असताना कमिटीचे अध्यक्ष दोन सभासदांना घेऊन फाटकापाशी आले. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

"हे संगीत हाय व्हय?" अध्यक्ष म्हणाले. "भूत लागल्यावानी वरडायलेत."

"रातच्या धापर्यंत परवानगी हाय, अण्णा."

"पोलिसाची हाय. समाजाची घेतलीस का?"

याच अध्यक्षांच्या मुलाच्या वरातीत याच गल्लीत डीजेच्या दोन गाड्या उभ्या होत्या. खिडक्यांच्या काचा तडकल्या होत्या, आणि बारशाचं लेकरू घेऊन शेजारची बाई माहेरी निघून गेली होती. त्या दिवशी समाजाची परवानगी कुणी विचारली नाही. आम्ही सगळे नाचलो. मीही नाचलो. पोरांनी स्वतःच्या गावच्या कोरड्या टाकीवर गाणं केलं की मात्र ते भूत!

हे मी तेव्हा बोललो असतो तर आज लिहायची गरज पडली नसती. मी बशी धरून उभा राहिलो.

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "आता तुझी भाची बी वरडणार म्हणं. उद्या पोरीला बघायला कोण येणार, बघ बाबा. घरचा हाईस म्हून बोलायलोय."

चहा पिऊन ते निघून गेले. कार्यक्रम बंद कर, असं त्यांनी म्हटलंच नाही. हा दोष मी त्यांच्यावर ढकलू शकत नाही. दुपारी आवाज तपासताना भाचीच्या गळ्यातून निघालेला तो घासलेला, पोटातून आलेला आवाज मी ऐकला होता, आणि मला लाज वाटली होती. ती माझी लाज होती. अध्यक्षांनी त्या लाजेला फक्त कारण दिलं.

आमच्याकडे गल्लीत मयत झाली की माती होईपर्यंत वाजंत्री बंद. लग्न असलं तरी बंद. मारवाडी असो, मुसलमान असो, लिंगायत असो, मराठा असो, हा नियम कुणी मोडत नाही. कार्यालयाच्या खुर्च्या आणि पाण्याचे जार आधी मयतीच्या घरी जातात. पोरांनी पोलिसाशी वाद घातला असता, अध्यक्षांशी घातला असता. मयतीशी कोण वाद घालणार? तिसरा बँड थांबला. भाची पायऱ्या चढून स्टेजवर आली होती. तिच्या आधी मी माईक घेतला आणि मयत झाल्याचं सांगितलं.

"कोण गेलं, अण्णा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

नाव कुणाचं घ्यायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "कोपऱ्यावरचे शिंपीअप्पा."

अप्पांना दोनदा झटका येऊन गेला होता. गल्लीनं मनातल्या मनात त्यांना केव्हाच पोचवलं होतं. म्हणून ते माझ्या जिभेवर तयार होते.

एका क्षणात सगळं शांत झालं. भाचीच्या बँडमधल्या ड्रमवाल्या मुलीनं काड्या खाली ठेवल्या. कलबुर्गीच्या एका पोरानं डोक्यावरची टोपी काढली. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे शाळेचे फ्रॉक अप्पांनीच शिवले होते. ती म्हणाली, "मामा, खुर्च्या न्यायच्या न्हवं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं चार खुर्च्या एकात एक घालून उचलल्या. तिच्या मागे सगळी निघाली. केस वाढवलेली, हातांवर गोंदलेली, कवट्यांचे शर्ट घातलेली ती पोरं माना खाली घालून, खुर्च्या डोक्यावर घेऊन गल्लीतून चालली. मी मागून चाललो होतो. थांबा म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

शिंपीअप्पा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते.

"काय रे, कुणाच्या घरी कार्य हाय?" त्यांनी विचारलं.

पोरांनी डोक्यावरच्या खुर्च्या खाली ठेवल्या. शेवटी उमरग्याकडचा पोरगा म्हणाला, "आजोबा, तुमीच वारला म्हणून सांगितलं की."

"मी?" अप्पांनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "मला कुणी कळवलं न्हाई बाबा. आन् बाजा कामून थांबवलाव? हे कान बंद पडलेत, तेवढंच जरा ऐकू यायलं होतं."

पोरं हसली. आधी दबून, मग मोठ्यानं. भाची हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"कुणी सांगितलं मामा तुमाला?"

"फोन आला होता."

"बघू फोन."

"घरी राहिलाय," मी म्हणालो. फोन माझ्या खिशात होता.

साडेसातच वाजले होते. परवानगीचे अडीच तास शिल्लक होते. कलबुर्गीचा पोरगा आनंदात म्हणाला, "अण्णा, आजोबा ठीक हायत. मग चालू करू की!" मी म्हणालो, आता पब्लिक उठलंय, बास झालं. कार्यालयात परत जाऊन मी मेन स्विच खाली ओढला. अंधारात भाचीचा आवाज आला, अगदी शांत.

"मामा, मी गाऊ न्हाई म्हून माणूस मारलाव व्हय?"

मी किल्ल्या घेऊन दारात जाऊन उभा राहिलो. पोरांनी मोबाईलच्या उजेडात ड्रम सोडले, गाडीत भरले, आणि जाताना खुर्च्या मोजून जागेवर लावून गेली.

दुसऱ्या दिवशी चौकात अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "भारी युक्ती केलास! म्हाताऱ्याचं आयुष्य बी वाढलं." लोक हसले. खोट्या मयतीनं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे म्हणतात. किती सोयीचं आहे! खोटं बोलणारा वर पुण्यही मिळवतो. त्या पोरांना संस्कार नाहीत, असं त्याच चौकात बोललं गेलं. मयत म्हटल्याबरोबर आपली एकुलती एक संध्याकाळ टाकून, ओळखही नसलेल्या म्हाताऱ्याच्या घरी खुर्च्या वाहून नेणाऱ्या पोरांना! आणि मी संस्कारी. माझा संताप तेव्हापासून आहे तो आजही गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा तरी माझ्यावरच आहे.

मंगळवारी गिटारवाला बेंगळुरूला गेला. भाची चार महिने आमच्या घरी आली नाही. पंचमीला नाही, गणपतीला नाही. शेवटी मी अप्पांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कान जवळ आणून त्यांनी ऐकून घेतलं.

"माफ करा अप्पा," मी म्हणालो.

"हितं हळूच येऊन माफी मागायलास होय रे?" ते म्हणाले. "माईकवर मारलास न्हवं मला? माईकवरच जिवंत कर. आन् त्या पोरीम्होरं कर. माझं काय गेलं? मी शेंगा खायलो होतो. गेलं ते तिचं गेलं."

समाजाची वार्षिक सभा पुढच्या रविवारी होती. मी भाचीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. सभेच्या दिवशी मात्र ड्रमवाल्या मुलीबरोबर ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. अप्पांना गल्लीतल्या दोघांनी धरून पुढच्या रांगेत आणून बसवलं. अहवाल वाचून झाला, तसा मी माईक घेतला. अध्यक्ष 'काय रे, काय?' असं हातानं विचारत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मी म्हणालो, "त्या रविवारी मयत झाली न्हवती. मला फोन आला न्हवता. शिंपीअप्पा, मी तुमचं नाव घेऊन खोटं बोललो, मला माफ करा. आन् दारात उभारलेल्या माझ्या भाचीला सांगायचं हाय. बाई, मला तुझ्या गाण्याची लाज वाटली, म्हून मी तुला गाऊ दिलं न्हाई. ती संध्याकाळ मला परत आणून देता येत न्हाई. लाज वाटावी असं तू काही केलं न्हवतंस. मी केलं. मला माफ कर."