मोतीरामचं सागवान

फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याच्या स्टेशनवर, आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो होतो. "काका, बाबा गेले," मोतीरामचा मुलगा रामलाल म्हणाला, आणि त्याच वेळी समोरून मालगाडी धडधडत निघाली. पुढचं काही ऐकू आलं नाही. मी फोन कानाला धरून बसून राहिलो... डबे सरत होते आणि वाटत होतं, ही गाडी संपूच नये.

मोतीराम आणि मी आयुष्यभर एकाच शाळेत मास्तर. तो सातपुड्याच्या पायथ्याचा कोरकू, मी नांदुऱ्याच्या बाजारपेठेतला. शाळा सुटली की दोघं या बाकावर यायचो. जायचं कुठेच नसायचं. एकदा रुळांकडे बघत तो झोपेत बोलल्यासारखा म्हणाला, "पहिले याच्याखाली सागवानी लाकडं होती ना बे... आमच्या आज्याचा मुंडाही त्याच्यातच गेला असंन."

मुंडा म्हणजे कोरकूंचा गेलेल्या माणसासाठी उभारलेला खांब. सागाचं झाड निवडायचं, पूजा करून त्याला विचारायचं, मग तोडायचं. त्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावर बसलेला तो माणूस कोरायचा. खांब उभा राहिला की माणूस पूर्वजांत जाऊन मिळतो, तोवर घराशीच घुटमळतो. इंग्रजांनी जंगलाला हद्दी घातल्या, उतारावरची फिरती शेती बंद केली आणि ज्यांचं जंगल त्यांनाच तिथं मजुरीवर कटाईला लावलं. सागवान रेल्वेसाठी खाली उतरू लागलं. त्या काळात मोतीरामचा आजा वारला. मोतीरामच्या वडिलांनी त्याच्या मुंड्यासाठी एक झाड तोडलं आणि ते चोर ठरले. ते खोड त्यांच्याच खांद्यावरून सरकारी लाकूड-डेपोपर्यंत वाहून नेलं गेलं. त्या धास्तीनं घरात पुन्हा कुणी सागाला कुऱ्हाड लावली नाही, आणि आजा घराशीच राहिला.

मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. मोतीराम मात्र आज्याबद्दल असा बोलायचा, जणू सकाळीच त्याच्यासोबत चहा घेऊन आलाय. आमच्या घराच्या दुरुस्तीत एक जुना सागवानी खांब निघाला, तो मी मोठ्या ऐटीत त्याला देऊ केला. त्यानं खांबावरून हात फिरवला. "लाकूड लय चांगलं हाय बे... पण याले तोडाच्या आंधी इचारलं कोनं?" माझी ऐट तिथंच जिरली.

नोकरी लागली तेव्हाच त्यानं आज्याच्या मुंड्यासाठी गावच्या शेतात सागाचं एक रोप लावलं होतं. झाड डेरेदार झालं, तोडायची परवानगीही एकदाची मिळाली, आणि हा आपला रिटायर होऊन त्याच्या सावलीत बसून राहायचा. विचारलं की म्हणायचा, "थे अजून हो म्हनून नाही राह्यलं."

"झाड नाही म्हणतं, की तू?" मी एकदा चिडून विचारलं.

त्यानं बुंध्याला पाठ टेकवली. "झाड तोडलं का आजा चालला जाईन ना बे... मंग म्या बोलाचं कोनासंग?"

ज्या आज्याला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं, त्याला सोडणं मोतीरामच्या जिवावर येत होतं. आज मला ते कळतं, फार कळतं.

मागच्या आठवड्यात त्याच्या गावी गेलो. भूमकानं, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यानं, झाडाला विचारलं होतं. या वेळी झाड हो म्हणालं. अंगणात खोड आडवं पडलं होतं, चंद्र-सूर्य कोरून झाले होते. एकाच मुंड्यावर घरातले दोघं चालतात, म्हणून मोतीरामसोबत त्याचा आजाही त्यावर येणार होता, पण घोडा एकच होता. कोरणारा थांबला होता.

"काका, पुढं कोनाले बसवू?" रामलालनं विचारलं.

"आज्याले बसव पुढं," मी म्हणालो. "तुह्या बापाले मागून त्याले धरू दे."

कोरणाऱ्यानं मान हलवली, आणि आधी मोतीरामचे हात कोरायला घेतले.