अक्कांच्या रिकाम्या जागा

जळगावात आमचा छोटा स्टुडिओ आहे. मी गाणाऱ्यांना सांभाळते, माझा भाऊ गोटू कॉम्प्युटर. खानदेशभरातून माणसं अहिराणी गाणी रेकॉर्ड करायला येतात. गाणं घेऊन जातात, किस्से आमच्याकडे सोडून जातात! हार्ड डिस्क भरली तर नवी आणता येते. किस्से कुठं ठेवायचे?

*

धुळ्याचे ढोलकीवाले आबा. गोटूनं त्यांच्या हेडफोनमध्ये क्लिक सोडली, म्हणजे लयीसाठी एकसारखी टकटक.

आबांनी हेडफोन काढला. "हाऊ कोन टकटक करी ऱ्हायना?"

"आबा, त्याच्या मागं वाजवायचं."

"त्याले सांग, मना मांगे चाल!"

क्लिक बंद. सगळं गाणं आबांच्या लयीत बसवलं, आणि तेच सगळ्यात जास्त गाजलं.

*

मे महिना. माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. एरंडोलचा गायक बनियनवर, डोक्यावर ओला टॉवेल, आणि गाणं थंडीतल्या प्रेमाचं! टेक इतका कडक झाला की गोटूनं टाळ्या वाजवल्या. त्याही रेकॉर्ड झाल्या.

*

पारोळ्याच्या भजनी मंडळानं तर रंगच भरला. भजन संपलं आणि गोटूचा चेहरा पडला. "नाना, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायचंच राहिलं!"

मंडळाचे म्होरके नाना म्हणाले, "देवनी ऐकं ना? चाल, आते तुन्हासाठे म्हनतस."

दुसरं पहिल्यापेक्षा भारी झालं.

*

चोपड्याच्या अक्का गावातल्या प्रत्येक हळदीला गायल्या. सख्ख्या नातीच्या हळदीला मात्र घरचे म्हणाले, "आते डीजे शे, गाना कसाले?" अक्का रागानं थेट स्टुडिओत. "मना आवाज त्या डीजेमा घाल!"

त्या एक ओळ म्हणायच्या, तेवढाच वेळ गप्प राहायच्या, मग पुढची ओळ. गोटू मधल्या रिकाम्या जागा कापायला लागला.

"तठे हात लावू नको! ती जागा बायास्नी शे."

अक्का म्हणणार आणि बायका तीच ओळ उचलणार, ही रीत. मी म्हटलं, "अक्का, हल्ली कोणी उचलत नाही. तिथं शांतता पडली तर लोक हसतील."

"हासू दे," अक्का म्हणाल्या. पण त्यांचा हात पदराशी चाळा करत होता. मला फार वाईट वाटलं.

हळदीला मीही गेले. नातीनं पेनड्राइव्ह डीजेवाल्याला दिला. अक्कांची पहिली ओळ मांडवभर घुमली. मग शांतता.

डीजेवाला वायर तपासायला वाकला.

तेवढ्यात हळदीचा हात तसाच धरून नवरीच्या आईनं ओळ उचलली. मग काकूंनी. मग मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी. पुढच्या रिकाम्या जागेला अख्खा मांडव गात होता, स्पीकरपेक्षा मोठ्यानं!

सगळ्या आल्या का, ते पाहावं तशी अक्कांनी मान वळवून सगळीकडं नजर फिरवली.

"बठ्ठ्या उन्यात!"