रशीदभाईंनी लातूरचं दार कसं उघडलं

रशीदभाई गेल्याची बातमी मला नांदेडमध्ये असूनही लातूरहून कळली. बिराजदार सरांचा फोन आला. एरवी मोजकंच बोलणारे सर त्या दिवशी ‘मॅडम, आपले भाई…’ एवढंच म्हणाले, आणि पुढं नुसता हुंदका. ‘तुमचे भाई’ नव्हे, ‘आपले’! दोन्ही शहरांत जुनी चुरस, त्यात लातूरकरानं नांदेडकराला आपलं म्हणणं काय असतं, हे मराठवाड्याबाहेरच्यांना सहजी कळायचं नाही. म्हणून ती हकिकतच सांगते.

आमच्या संस्थेची दोन रुग्णालयं, एक नांदेडला आणि एक लातूरला. नांदेडच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख रशीदभाई, मी त्यांच्या हाताखालची. लातूरची बाजू बिराजदार सर सांभाळत. भाईंचं घराणं घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचं, त्यामुळे घाई त्यांना ठाऊकच नव्हती, आणि त्यावरून मी त्यांना पुष्कळ छळलं. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांची नावं, फोन, पगार अशी सगळी माहिती एका सामायिक डिरेक्टरीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या एकाच नोंदवहीत, आणली होती. आता मेल सर्व्हर तिला जोडायचा होता, म्हणजे नांदेडच्या लॅबचा रिपोर्ट थेट लातूरच्या डॉक्टरांना मिळाला असता. विश्वस्तांनी बजावलं होतं की पुढच्या बैठकीआधी हे जमलं नाही, तर काम पुण्याच्या कंपनीला जाईल आणि आमच्या विभागाला टाळं लागेल. भाईंसकट आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या त्या एका जोडणीवर टांगलेल्या होत्या.

सर्व्हर जोडला. नांदेडची नावं त्याला झटक्यात दिसली, पण लातूरचं कुठलंही नाव विचारलं की उत्तर ठरलेलं… परवानगी नाकारली. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांच्या आग्रहाखातर वरून एकेक परवानगी वाढवून पाहिली, तरी पालथ्या घड्यावर पाणी. मी वैतागून म्हणाले, “भाई, सगळेच अधिकार देऊन टाकू. कटकट मिटेल.”

“लई शहाणी हाईस,” भाई म्हणाले. “पोस्टमनला दारावरची पाटी वाचता आली की बस. तू त्याला कपाटाची किल्ली देऊन राहिली!”

डिरेक्टरीची रचना झाडासारखी, प्रत्येक गावाची वेगळी फांदी; मग त्यांनी एकेक फांदी घड्याळ उघडावं तशी सावकाश तपासली. वर दिलेली परवानगी खालच्या फांद्यांपर्यंत आपोआप उतरते. लातूरच्या फांदीवर मात्र हे उतरणंच कुणीतरी बंद करून ठेवलेलं. आम्ही वरून कितीही ओतलं तरी ते लातूरच्या उंबऱ्यावर अडत होतं. मी हरखले. भाईंच्या हाती सगळ्यात वरचे अधिकार होते, नांदेडला बसून त्यांना ते खुलं करता आलं असतं. पण त्यांनी मान हलवली.

“हात पोचतो म्हणून कुणाच्या घराची कडी काढायची न्हाई. गाडी काढायला सांग. लातूरला जाऊ.”

लातूरला बिराजदार सर कमरेवर हात ठेवूनच उभे होते. “हाव, मीच बंद केलंय. नांदेडवाल्यांना आमच्या घरात डोकावू देऊ व्हय?”

“बराबर केलं तुम्ही,” भाई म्हणाले. मी चाट पडले… भांडायला आलो होतो ना आपण! भाईंनी सरांनाच खुर्चीवर बसवलं आणि मेल सर्व्हरच्या खात्याला फक्त नाव आणि मेलचा पत्ता वाचण्याची परवानगी त्यांच्याच हातून द्यायला लावली. मग म्हणाले, “आता याच खात्यानं शिरा आन् तुमचा सोताचा पगार काढून दाखवा.”

सरांनी बटण दाबलं. परवानगी नाकारली! ज्या शब्दांनी आमचा जीव नकोसा केला होता, तेच शब्द वाचून सर खदाखदा हसले. फोन नंबर मागून पाहिला, तोही नाकारला. “न्हाई म्हणून राहिलंय की ओ भाई!”

“न्हाईच म्हणणार. हुकूम तुमचा चालतोय.”

नांदेडच्या लॅबला फोन केला, तिथून रिपोर्ट सुटला आणि लातूरच्या पडद्यावर अलगद येऊन पडला. लातूर आणि नांदेड एकदमच ओरडलं, एक माझ्या समोर, एक फोनमध्ये. सरांनी भाईंना मिठी मारली. परतताना अहमदपूरला भाईंनी ड्रायव्हरसकट सगळ्यांना मिरची भजी खाऊ घातली. विभाग वाचला. पुण्याच्या कंपनीचं नाव पुन्हा निघालं नाही.

निघालं ते भाई गेल्यावर. ‘आता सगळं अडणार,’ अशी कुजबुज विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीपर्यंत पोचली. त्यात काही चूक नव्हतं. कितीतरी कचेऱ्यांत सगळी कामं साहेबाच्या एका पासवर्डवर लटकलेली असतात, साहेब गेला की मेलही बंद. गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं असा नियम आहे, आणि ते काम माझ्याकडे आलं. व्यवस्थापक माझ्या मागेच येऊन उभे राहिले. भाईंच्या नावावर आले तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली होती… खातं बंद केलं आणि श्वास रोखून बसले.

काहीच झालं नाही. भाईंनी प्रत्येक कामाला त्याचं वेगळं खातं आणि त्याच्यापुरताच अधिकार देऊन ठेवला होता, स्वतःच्या नावावर काही लटकत ठेवलं नव्हतं. नांदेडचे रिपोर्ट लातूरला जात राहिले. काही अडलं नाही, हे विश्वस्तांना कळवायला व्यवस्थापक निघून गेले. कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं लोक मेलेल्या माणसाबद्दल कडवटपणे म्हणतात. मी त्या खोलीत मशीनचा आवाज ऐकत तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं, आणि भाईंच्या अभिमानानं माझी मान ताठ झाली.