चौथ्या खेळीला दिलेला घोडा

आप्पांचा एक कायदा होता. मोहऱ्याला हात लावला की ते खेळायचंच. मी शाळेत होते तेव्हाही माझ्या वडलांनी मला कधी एक खेळी परत दिली नाही. मी रडले, पट उधळला, पाय आपटत स्वयंपाकघरात गेले, तरी नाही. "हात लावलास न्हवं? मग खेळ आता," एवढंच. मिलिटरीतून निवृत्त झालेला माणूस, आणि स्वभावही तिथलाच घेऊन आलेला. मला त्यांचा असा राग यायचा की काही विचारू नका.

आता पलूसच्या घरात आम्ही दोघंच. आई गेली आणि मागोमाग आप्पांचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ली, मग आई गेलीय हेच. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, बुद्धिबळ येतं ना, मग रोज खेळा, डोकं चालतं राहू दे. पण साधा सरळ डाव मांडला की आप्पा खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मग खुर्चीतच मान टाकायचे. समोर बसून बाप असा विझताना बघायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. मला वाटलं, यांच्या अंगावर धावून गेलं तरच हे जागे होतील.

म्हणून मोबाइलवर शोधून शोधून मी एक वेडगळ सुरुवात काढली. दोन्हीकडचे घोडे बाहेर आले की चौथ्याच खेळीला आपल्या एका घोड्यानं त्यांचं मधलं प्यादं मारायचं. बदल्यात घोडा जातो. शहाणा माणूस असलं खेळत नाही. पण मग आपण मधलं दुसरं प्यादं एकदम दोन घरं टाकायचं, आणि त्या दोन प्याद्यांनी त्यांचे घोडे मागं हाकलायचे, पिकात शिरलेली गुरं हाकलावीत तसे.

पहिल्या दिवशी आप्पा ताठ बसले.

"खुळी झालीस व्हय गं? घोडा सोडलास!"

"खावा की. भिताय काय?"

"मी? मी भितोय?"

घोडा खाल्ला, मला सपाटून हरवलं आणि जेवताना माझ्याकडं बघून हसत बसले. किती दिवसांनी हसले! दुसऱ्या दिवशी त्यांना कालचा डाव आठवत होता. "आज बी तसंच मरणार व्हय?" म्हणाले. मग मला नाद लागला. भाजी शिजतेय तोवर ओट्याशी उभी राहून नवा हल्ला शोधायचा. कधी उंट आणि वजीर मिळून त्यांच्या राजाशेजारच्या एकाच प्याद्यावर टपून बसायचे, कधी कडेचं प्यादं पुढं दामटून त्यांच्या घोड्याला डिवचायचं. चार डावांत एखादा मी जिंकायचे. आप्पा चिडायचे, मांडीवर थाप मारायचे. ते चिडलेत तोवर ते आहेत, असं मी धरून चालले होते.

एके सकाळी मी पहिलं प्यादं दोन घरं टाकलं. आप्पांनी ते उचलून एक घर मागं ठेवलं.

"प्यादं येकच घर चालतं."

"आवं आप्पा, पहिल्यांदा दोन चालतं की!"

"कुणी सांगितलं? आमचा चुलता असं शिकवत न्हाई."

तो चुलता जाऊन जमाना झाला. आप्पा जतकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. लहानपणी मेंढरांमागं चुलत्याकडून ते देशी बुद्धिबळ शिकले. त्यात प्यादं एका वेळी एकच घर जातं. दोन घरांचा नियम त्यांना पलटणीत कळला. म्हणजे पलटणीतलं पुसलं गेलं होतं, आणि मी तर त्यानंतरची.

मी हट्टानं त्यांच्या नियमानं खेळले. प्यादी एकेक घर सरकली, घोडे बाहेर आले. देशी नियमात माझा हल्ला लंगडा, दुसरं प्यादं वेळेवर पोचतच नाही, घोडा नुसता फुकट जाणार. मला ते दिसत होतं. तरी मी घोड्यानं प्यादं मारलं. मला फक्त "खुळी झालीस व्हय" ऐकायचं होतं.

आप्पांनी घोड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. घोडा अलगद उचलला आणि जिथून निघाला होता त्या घरात ठेवला. त्यांचं प्यादंही जागेवर लावलं.

"चुकून गेला वाटतं. घ्या परत. शिकताना व्हतं असं."

आप्पा मला 'घ्या' म्हणाले.

"परत नको मला!" मी ओरडलेच. "खावा तो घोडा! हात लावलाय मी!"

आप्पा दचकले. दोन्ही हात मांडीवर घेऊन, अंग चोरून बसले. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले,

"म्या न्हाई सांगत कुणाला. घ्या तुमी."

मी घोडा परत घेतला.